जरीच्या काठातली वीज

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मंडळाच्या सेक्रेटरींनी फोन करून विषय विचारला, तेव्हा मी 'अंगावरच्या कपड्यातलं इलेक्ट्रॉनिक्स' असं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "सर, आपल्याकडे व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या आज्यांच्या असतात. त्यांना हे झेपेल काय?" मी म्हटलं, त्यांच्यासाठीच तर बोलायचंय. हा विषय समजायला लागणारं निम्मं सामान त्यांच्या ट्रंकेत पडलेलं आहे.

ते सामान मी आज बरोबर आणलंय. हा आमच्या आजीच्या जुन्या साडीचा विरलेला तुकडा. रेशीम गेलं, जर अजून शाबूत आहे. हा दुसरा तुकडा गेल्या दिवाळीत घेतलेल्या साडीचा. आणि हा इलेक्ट्रिशियन लोकांकडे असतो तो मल्टिमीटर. याच्या दोन सुया ज्या वस्तूला लावल्या, तिच्यातून वीज जात असेल तर तो 'पीं' असं ओरडतो. आता नव्या साडीच्या जरीवर चार बोटं अंतर ठेवून सुया लावतो. काही नाही. आता आजीच्या साडीवर लावतो. ऐकलंत? मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला असेल.

आता या जुन्या तुकड्यावर जरीचे दोन पट्टे आहेत, मध्ये रेशीम. एका बाजूला घड्याळात घालतात तसला बटणासारखा सेल दोन्ही पट्ट्यांना धरतो आणि दुसऱ्या बाजूला हा छोटा लाल दिवा. पेटला. मखराच्या रोषणाईपुढे तो काहीच नाही, पण यात वायर कुठेही नाही. जरीतून वीज गेली आणि मधल्या रेशमानं ती अडवून धरली, नाहीतर दोन्ही पट्टे एक झाले असते. म्हणजे या साडीत तार होती आणि तारेवरचं वेष्टणही होतं.

यात जादू नाही. खरी जर म्हणजे चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करायची, ती ठोकून चपटी करायची आणि रेशमी धाग्यावर गुंडाळायची, वर सोन्याचा मुलामा. त्या चपट्या तारेला बादला म्हणतात आणि गुंडाळलेल्या धाग्याला कलाबतू. चांदीइतकी चांगली वीज वाहून नेणारा दुसरा धातू नाही. पुढे चांदी परवडेना, तेव्हा तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा आला. आता बहुतेक साड्यांत पॉलिस्टरच्या फिल्मवर धातूचा नावापुरता थर असतो आणि वर पारदर्शक लेप. ती चमकते छान, पण मल्टिमीटर तिला ओळखत नाही.

आता तुम्ही म्हणाल, साडीतून वीज नेऊन करायचं काय? हाच प्रश्न १९९०च्या दशकात अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये काही लोकांना पडला होता. मॅगी ऑर्थ आणि रेहमी पोस्ट ही त्यातली दोन नावं. त्यांना असं कापड हवं होतं की जे घडी घालता येईल, शिवता येईल आणि ज्याच्यातून वीज जाईल. त्यांना ते सापडलं ते रेशमी ऑर्गंझात. आपण टिश्यू म्हणतो त्या जातीचं कापड. एका दिशेला साधं रेशीम, दुसऱ्या दिशेला तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेलं रेशीम. असं कापड भारतात किमान शंभर वर्षं विणलं जातंय, हे त्यांनी आपल्या लेखात स्वतःच नमूद केलंय. त्या कापडाच्या पट्ट्या वायरीसारख्या वापरून त्यांनी एक जाकीट बनवलं. त्यावर भरतकामानं आकडे काढले होते. आकड्याला बोट लावलं की सूर वाजायचा. भरतकाम अर्थातच वीज वाहणाऱ्या धाग्याचं होतं.

मी आयुष्याची छत्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यांत काढली. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि थोडी चुटपुटही लागली. आपल्या बायका लग्नात अंगावर घालून मिरवत होत्या ते कापड तिकडच्या प्रयोगशाळेत पोचलं, आणि इकडे आपण त्यातली चांदी काढून टाकत होतो.

कापड आणि कॉम्प्युटर यांचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. इथं वडगाव-खासबागची मंडळी बसलेली दिसतात, त्यांना जकार्ड सांगायला नको. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. जोसेफ मारी जकार या फ्रेंच माणसानं १८०४ साली हे यंत्र बसवलं. 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांतून मोर, कोयरी, वेलबुट्टी काहीही विणता येतं, हे त्यानं दाखवलं. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी तीच कार्डं घ्यायचं ठरवलं, आणि एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली त्या यंत्राबद्दल लिहिताना मागाचीच उपमा दिली. १८९० साली अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली. म्हणजे कॉम्प्युटरच्या घराण्यात एक आजोबा मागावरचे आहेत. नातू आता आजोबांच्या घरी परत येतोय.

तो कशासाठी येतोय, हे सांगतो. १९९६ साली अमेरिकेच्या नौदलाच्या पैशातून जॉर्जिया टेक या संस्थेत एक शर्ट तयार करायला घेतला. ते काम करणारे प्राध्यापक सुंदरेशन जयरामन हे मूळचे आपल्याकडचे, मद्रास विद्यापीठात शिकलेले. त्या शर्टात ताण्याबाण्याबरोबर प्रकाश वाहून नेणारे तंतू विणले होते. सैनिकाला गोळी लागली की तंतू तुटणार, प्रकाश अडणार आणि गोळी कुठे लागली हे लांबच्या डॉक्टरला कळणार. शिवाय नाडीचे ठोके आणि श्वास मोजायची सोय त्याच शर्टात. आपल्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्या केंद्रातून बाहेर पडणारी मुलं पाहिली की अशा शर्टाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे मुंबईच्या आयआयटीतही 'सिलिकॉन लॉकेट' नावानं गळ्यात घालायचं, हृदयाचा आलेख नोंदवणारं उपकरण तयार झालं. लॉकेट ही कल्पनाही बघा, माणूस आधीच जे अंगावर घालतो त्याच्यातच उपकरण बसवायचं.

आज काय मिळतं? हृदयाचे ठोके मोजणारे बनियन आहेत. छातीला घट्ट बसणाऱ्या पट्टीत चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा असतो. श्वास घेतला की पट्टी ताणली जाते, धाग्यातून वीज जायला होणारा विरोध बदलतो, त्यावरून श्वास मोजतात. थंडीत गरम होणारी जाकिटं आहेत. मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो तो पायमोजा. मधुमेह जुना झाला की पायाची जाणीव कमी होते. खडा टोचला, चप्पल चावली तरी कळत नाही, आणि कळतं तेव्हा जखम आत गेलेली असते. जखम दिसायच्या आधी तिथली जागा गरम होते. दोन्ही पायांच्या त्याच जागेत सुमारे २.२ अंश सेल्सिअसचा फरक दिसत राहिला तर सावध व्हावं, असं डॉक्टर मानतात. अमेरिकेत सायरन नावाची कंपनी असे मोजे विकते, तापमान मोजणारे बारीक सेन्सर धाग्यातच बसवलेले. इथल्या किती घरांत पाय कापायची वेळ आलेली आहे, हे मी बोलून दाखवत नाही. तुम्हाला माहीत आहे.

मग हे सगळं दुकानात का दिसत नाही? आज्यांकडे वळतो, कारण याचं उत्तर त्यांना पाठ आहे.

जरीची साडी तुम्ही वर्षातून दोनदा काढता आणि घडी मोडून दुसरी घडी घालता. का? एकाच जागी घडी राहिली तर जर तिथं तुटते. वीज वाहणाऱ्या धाग्याचं पहिलं दुखणं हेच. कोपराला, काखेत, गुडघ्याला धागा हजार वेळा वाकतो आणि आतला धातू चिरतो. साडी मलमलीत गुंडाळून का ठेवायची? हवा, घाम आणि अत्तर लागलं की चांदी काळी पडते. दुसरं दुखणं तेच, काळ्या पडलेल्या धाग्यातून वीज नीट जात नाही. तिसरं धुण्याचं. तुम्ही जरीची साडी कधी दगडावर आपटली आहे का? पण कपडा रोजचा म्हटला की तो भिजणार, साबण लागणार, पिळला जाणार, आपटलाही जाणार. परदेशातल्या कंपन्या वॉशिंग मशीन डोळ्यांपुढे ठेवून कापड तपासतात. आपल्या परसातला धुण्याचा दगड त्यांच्या हिशेबात नाही.

चौथं दुखणं सांध्याचं, आणि ते सगळ्यात अवघड. धागा मऊ, चिप कडक. मऊ आणि कडक जिथं भेटतात तिथंच तुटतं. आता इरकल साडी आठवा. अंग सुती, पदर रेशमी. दोन जातींचे ताणे मागावरच एकमेकांत फास घालून जोडतात, त्याला टोप-टेणी म्हणतात. साडी फाटेल, पण तो सांधा सुटत नाही. दोन वेगळ्या स्वभावाच्या धाग्यांना जोडण्याची ही विद्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पिढ्यान्पिढ्या आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांनी ती एकदा डोळ्यांनी बघून यावी, एवढंच मी म्हणेन.

पाचवं दुखणं बॅटरीचं. ती अजून धाग्यासारखी झालेली नाही. म्हणून शहाणे लोक बॅटरी आणि चिप एका छोट्या डबीत ठेवतात आणि डबी कपड्याला बटणासारखी लावतात. धुताना काढायची. कपडा साधा, डबी वेगळी.

एवढं करूनही एक मोठं उदाहरण फसलं. गुगलनं २०१५ साली एक योजना जाहीर केली. तिचं नाव जकार्ड, त्याच आजोबांच्या नावावरून. २०१७ साली लिव्हाइस कंपनीबरोबर त्यांनी डेनिमचं जाकीट बाजारात आणलं. डाव्या मनगटाजवळच्या पट्टीत वीज वाहणारे धागे विणलेले, त्यावरून बोट फिरवलं की फोनवरचं गाणं बदलायचं. किंमत साडेतीनशे डॉलर. आणि ते दहाएक वेळाच धुता येईल असं सांगितलं होतं. २०२३ साली त्याचं ॲपच बंद झालं. जाकीट चांगलं होतं, आजही असेल, पण त्यातली हुशारी गेली. डेनिमचं जाकीट वीस वर्षं टिकतं, ॲप सहा वर्षंही टिकलं नाही.

आपल्याकडे कापडाचा हिशेब वेगळा असतो. साडी जुनी झाली की तिचा परकर होतो, परकराचं दुपटं होतं, दुपट्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं. आजीची पैठणी नातीच्या लग्नात येते. ज्यांच्या घरात कापड इतकं जगतं, त्यांनी सहा वर्षांत मरणारा कपडा का घ्यावा? म्हणून कुणी तुम्हाला असा 'स्मार्ट' कपडा दाखवला तर पाच प्रश्न विचारा. घरी धुता येतो का? डबी काढता येते का? कंपनीचं ॲप बंद झालं तर कपडा चालतो का? बिघडला तर दुरुस्त कोण करणार? आणि माझ्या शरीराच्या नोंदी कुणाकडे जाणार? शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय. माझी नाडी ही माझी माहिती आहे, ती माझ्या परवानगीशिवाय फिरता कामा नये.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. आमची आत्या निपाणीला एकटी राहते. मामा तंबाखूच्या वखारीत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. आत्याचं वय चौऱ्याऐंशी. आतेभाऊ पुण्यात. त्यानं आईसाठी मनगटावर बांधायचं एक घड्याळ आणलं. माणूस पडला की ते ओळखतं आणि ठरवलेल्या नंबरांवर निरोप जातो. एक नंबर त्याचा, एक माझा. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला माझा फोन वाजला, 'पडल्याची शक्यता'. तिकडून भावाचा फोन. आत्या फोन उचलेना. मी शेजारच्या आक्कांना फोन केला. त्या धावत गेल्या तर आत्या चुलीपुढे, दोन्ही हात पिठाचे. भाकरी थापत होती. घड्याळाला ते थापणं पडण्यासारखं वाटलं.

संध्याकाळी भावानं फोनवर सगळं समजावून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी पडले की तुला लगेच कळणार. खरं, तू यायला किती तास लागणार?" भाऊ गप्प झाला. पुण्याहून निपाणी, रस्ता चांगला असला तरी चार-पाच तास. मी बेळगावहून निघालो तरी दीड तास. घड्याळ कोनाड्यात गेलं.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, चूक जागेची होती. मनगट हा अंगातला सगळ्यात कामाचा भाग. भाकरी थापणं, धुणं आपटणं, खलबत्ता, टाळ्या, आरती, सगळं हातानं. माणूस खरंच पडतो तेव्हा त्याचं धड पडतं. म्हणून पडणं ओळखायचं उपकरण कमरेजवळ असलं तर चुका कमी होतात. आणि कमरेला वस्तू ठेवायची सवय आमच्या आत्याला आहेच. तिच्या कनवटीला किल्ल्या असतात, चंची असते. आम्ही घड्याळ परत केलं आणि कपड्याला लावायचं छोटं उपकरण घेतलं. माझ्या सुनेनं आत्याच्या परकरांच्या नेफ्याला आतून एकेक कप्पा शिवला. सकाळी परकर बदलला की डबी नव्या कप्प्यात. आत्याला ती आता किल्ल्यांसारखीच वाटते. भाकऱ्या रोज होतात, पण तेव्हापासून भाकरीमुळे फोन आलेला नाही.

दुसरी गोष्ट आत्याच्या प्रश्नाची. उपकरणात पहिला नंबर आता शेजारच्या आक्कांचा आहे, दुसरा त्यांच्या मुलाचा, तिसरा माझा आणि शेवटचा पुण्याचा. आक्कांकडे आत्याच्या दाराची एक किल्ली आहे. पुण्याच्या भावाला आधी हे लागलं. "मी मुलगा, आणि माझा नंबर शेवटी?" मी त्याला म्हटलं, नंबर मायेचे लावलेले नाहीत, पायाच्या अंतराचे लावलेत. गेल्या पावसाळ्यात आत्या न्हाणीत खरोखर घसरली. आक्का पाच मिनिटांत दारात होत्या. मनगट मोडलं होतं, आज ती बरी आहे. अजूनही एका हातानं भाकरी नीट गोल होत नाही अशी तक्रार करते.

हे मी मंडळापुढे मुद्दाम सांगतोय. आपल्या गल्लीत अशी किती घरं आहेत, मोजा. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला, आणि मागे एक किंवा दोन म्हातारी माणसं. उपकरण मुलं पाठवतील, पण हाकेला जाणारं माणूस गल्लीतच लागतं. गणपतीच्या दहा दिवसांत रात्री-अपरात्री जागी असलेली पंचवीस-तीस पोरं या मंडळाकडे आहेत. माझी विनंती आहे की विसर्जनानंतर एक वही करा. कुठल्या घरात कोण एकटं, किल्ली कुणाकडे, डॉक्टर कोण, पहिला धावणारा कोण. ज्यांची इच्छा असेल त्यांचीच नावं, जबरदस्ती नको. अशी वही नसेल तर हजारो रुपयांचं उपकरण नुसतं ओरडत बसेल.

आता शेवटचा मुद्दा, विणकरांचा. माझ्या वडिलांचा माग खासबागेत होता. धोट्याचा आवाज हे आमच्या घराचं घड्याळ होतं, तो थांबला की जेवणाची वेळ झाली. हातमाग गेले, यंत्रमाग आले. आता त्यांच्याही कितीतरी शेडना कुलूप आहे. बाहेरची छापील साडी आमच्या सुताच्या भावात मिळते. अशा माणसाला 'स्मार्ट टेक्स्टाइल कर, तुझं भलं होईल' असं सांगणं ही थट्टा आहे. मी ती करणार नाही. पण एक गोष्ट मला करण्याजोगी दिसते, ती सांगतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होतात. त्याला ठरावीक वेळानं, साधारण दोन-दोन तासांनी, कुशीवर वळवावं लागतं. रात्री जागणारी सून किंवा मुलगी दमून डोळा लागला की विसरते. समजा पलंगावरची चादरच सांगू लागली की इथं फार वेळ भार आहे. अशी चादर करता येते. एका कापडात वीज वाहणाऱ्या धाग्याचे उभे पट्टे, दुसऱ्यात आडवे, आणि दोन्हींच्या मध्ये दाब पडला की विरोध कमी होणारा थर. सोळा उभे आणि सोळा आडवे पट्टे घेतले तर बाहेर येणाऱ्या तारा बत्तीस, पण चौक होतात दोनशे छप्पन्न. कुठल्या चौकावर किती भार, हे एक छोटी डबी वाचते आणि वेळ झाली की घंटी वाजवते. विणायला काय लागतं? साधी वीण आणि सरळ पट्टे. लुंगीचे आणि टॉवेलचे पट्टे काढणाऱ्या कुणाही विणकराला हे जमेल. उलट धातूचा धागा नाजूक, त्याला वेगानं धावणारा मोठा माग नको, ताण सांभाळणारा हात हवा. मागणीही थोडी असते, शंभर-दोनशे नगांची. मोठी गिरणी तेवढ्यासाठी माग अडवणार नाही, आपला छोटा मागवाला अडवेल.

डबी करणारी मुलं आपल्याकडे आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय या गावात आहे. निपाणीपासून थोड्याच अंतरावर इचलकरंजीला १९८२ पासून डीकेटीई ही वस्त्रतंत्राची संस्था आहे. तिथल्या मास्तरांनी खुणावलं तर धागाही मिळेल आणि तपासणीही होईल. केंद्र सरकारनं २०२० साली तांत्रिक वस्त्रांसाठी १४८० कोटींची योजना मंजूर केली होती. तसल्या योजनांचा पैसा आपोआप खासबागेत येत नाही, कुणीतरी अर्ज लिहावा लागतो. आणि दवाखाने आपल्या गावात किती आहेत ते बाहेरगावचे पेशंटच सांगतील. विणकर, इंजिनीअर आणि नर्स, तिघं तीन किलोमीटरच्या आत राहतात. एकत्र बसलेले मात्र मी पाहिलेले नाहीत.

इथं मला दोन जुन्या गोष्टी आठवतात. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच गावात सायकलचं दुकान काढलं. सुरुवात विक्रीची आणि दुरुस्तीची. वस्तू उघडून बघणारा हात तयार झाला आणि त्या हातानं पुढे नांगर केला. म्हणून मुलांना सांगतो, घरातलं बंद पडलेलं घड्याळ, उपकरण आधी उघडून बघा.

दुसरी गोष्ट डिसेंबर १९२४ ची. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन इथंच भरलं. त्यात असं ठरलं की सभासदानं महिन्याला दोन हजार यार्ड सूत द्यायचं. तोवर वर्षाला चार आणे वर्गणी होती. आपल्या गावानं धाग्यात मोजलेलं सभासदत्व पाहिलंय. ती अट फार टिकली नाही, वर्षभरातच सैल करावी लागली. पण १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला, त्यानं कातणाऱ्यांना आणि विणणाऱ्यांना मजुरी मिळवून दिली, आणि तो टिकला. मला त्यातून एवढंच कळतं की विणकराबद्दलच्या प्रेमानं माग चालत नाही. त्याच्या हाताला भाव देणारी व्यवस्था लागते. दयेनं घेतलेली साडी एकदाच घेतली जाते. उपयोगाची चादर दवाखाना पुन्हा पुन्हा मागवतो.

वेळ होत आली, आरतीची तयारी दिसते आहे. मुलांसाठी एक काम देऊन थांबतो. अमेरिकेतल्या लिया ब्युक्ली या बाईंनी २००७ साली कपड्याला शिवता येईल असा छोटा कॉम्प्युटर बाजारात आणला, लिलीपॅड या नावानं. तुम्हाला तेवढंही नको. थोडा वीज वाहणारा धागा, एक बटण-सेल, एक छोटा दिवा आणि आजीची सुई. पुढच्या वर्षी बाप्पाच्या शेल्याला तुम्ही शिवलेला दिवा असू दे. टाके आजीकडून तपासून घ्या. धागा सैल राहिला तर दिवा लुकलुकेल आणि दोन धागे एकमेकांना लागले तर पेटणारच नाही. हे आजीला आधीच दिसेल.

आणि मोठ्यांसाठी काम आहे ते वहीचं. ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हावी. पहिल्या पानावर धावणाऱ्यांत माझं नाव लिहा, माझं घर चौथ्या गल्लीत आहे आणि पाय अजून चालतात.

गणपती बाप्पा मोरया!